मूळ खणणारे क्रियापद : इंग्रजी ‘इरॅडिकेट’ आणि पालि ‘मूलं खणति’

पालि वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीची मध्यस्थी सहसा टाळता येत नाही. प्रमाण मानलेला कोश इंग्रजीत आहे, बहुसंख्य अनुवाद इंग्रजीत आहेत, चर्चाही इंग्रजीत झालेली आहे. परिणामी पालि शब्दाचा अर्थ मराठीत उतरतो तो पुष्कळदा इंग्रजीच्या वाटेने. वाटेत त्या शब्दाला दुसऱ्या देशाचा, दुसऱ्या धर्माचा आणि दुसऱ्या इतिहासाचा रंग चढतो, हे आपल्या ध्यानी येत नाही. अशाच एका क्रियापदाचा मागोवा घेण्याचे आम्ही प्रस्तुत लेखात योजिले आहे.

निमित्त साधे आहे. धम्मपदाच्या तण्हावग्गातील एका गाथेचा मराठी अनुवाद आम्ही वर्गात लिहावयास दिला होता. एका विद्यार्थ्याने इंग्रजी पुस्तकातील ‘इरॅडिकेट’ या शब्दाच्या आधारे ‘तृष्णेचे उच्चाटन करा’ असे लिहिले. वर्गात कोणास काही खटकले नाही. खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हांसही खटकले नाही. पुढे शब्दांचा धांडोळा घेताना लक्षात आले की ‘उच्चाटन’ हा शब्द तांत्रिकांच्या षट्कर्मांतील आहे. मारण, स्तंभन, विद्वेषण यांच्या पंक्तीत तो बसतो. मंत्रप्रयोगाने एखाद्या माणसाला त्याच्या ठिकाणाहून हुसकून लावणे, हा त्याचा अर्थ. म्हणजे ज्या गाथेत मूळ खणावयास सांगितले आहे तेथे अनुवादात माणूस हुसकण्याचा शब्द येऊन बसला होता. ‘मूळ’ नाहीसे झाले होते आणि कर्मही बदलले होते. कर्म येथे व्याकरणातील अर्थाने घ्यावे. क्रिया ज्यावर घडते ते कर्म. या कर्माचाच इतिहास आपणांस पाहावयाचा आहे.

शब्दाची घडण

‘इरॅडिकेट’ हे क्रियापद लॅटिनमधून इंग्रजीत आले. ‘राडिक्स’ म्हणजे मूळ आणि ‘ए’ हा ‘बाहेर’ अशा अर्थाचा उपसर्ग; मुळासकट बाहेर काढणे हा त्याचा अक्षरार्थ होय. मूलगामी या अर्थाचा ‘रॅडिकल’ आणि मुळ्याचे नाव ‘रॅडिश’ हे दोन्ही शब्द याच राडिक्सचे वंशज आहेत. पंधराव्या-सोळाव्या शतकांत हे क्रियापद इंग्रजीत स्थिरावले. त्याच सुमारास त्याची भावंडेही आली. ‘एक्स्टर्पेट’ या शब्दात ‘स्टिर्प्स’, म्हणजे बुंधा किंवा खोड, दडलेले आहे. ‘डिरॅसिनेट’ हा फ्रेंचमधून आला. त्यातही मूळच आहे. ‘अपरूट’ हा मात्र घरगुती घडणीचा शब्द. त्यातील ‘रूट’ उत्तरेकडील नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला असून लॅटिन राडिक्सशी त्याचे दूरचे भाऊबंदकीचे नाते आहे.

हे सर्व शब्द प्रथमतः शेताचे. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकात (सु. १५९९) युद्धाने ओसाड पडलेल्या फ्रान्सचे वर्णन आहे. रान माजले आहे आणि ज्याने ते मुळासकट काढावयाचे तो नांगराचा फाळ गंजून पडला आहे, अशा आशयाच्या भाषणात ‘डिरॅसिनेट’ हे क्रियापद येते. तेथे ते अगदी शेतकऱ्याचे आहे. पण त्यानंतर दोनतीन वर्षांतच लिहिलेल्या ‘ट्रॉयलस आणि क्रेसिडा’ या नाटकात तोच शब्द राज्यांची एकी आणि शांती उखडून टाकण्याविषयी येतो. एकाच लेखकाच्या हातात, इतक्या थोड्या काळात, तणावरून समाजावर शब्दाचा प्रवास झालेला दिसतो.

तण आणि गहू

मात्र समाजावर हे क्रियापद चालविण्याची सवय युरोपात त्याहून पुष्कळ जुनी होती आणि ती धर्मग्रंथांच्या अर्थनिर्णयातून पोसली गेली. मत्तयकृत शुभवर्तमानात येशूचा एक दृष्टान्त आहे. एका शेतात गव्हाबरोबर शत्रूने निदण पेरले. ते काढून टाकू काय, असे चाकर विचारतात. मालक नको म्हणतो, कारण निदण काढताना त्याबरोबर गहूही उपटला जाईल. दोन्ही कापणीपर्यंत एकत्र वाढू द्यावीत. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने सिद्ध केलेल्या लॅटिन बायबलात या ठिकाणी ‘इरॅडिकेट’चेच लॅटिन रूप आहे. म्हणजे ज्या ग्रंथाने हे क्रियापद युरोपच्या कानी घातले त्याच ग्रंथात ते क्रियापद निषेधासह आले होते.

निषेध मात्र टिकला नाही. संत ऑगस्टीन आरंभी श्रद्धेच्या बाबतीत बळजबरी नको म्हणत. पुढे डोनाटस्ट पंथीयांविरुद्ध राजसत्तेच्या बळाचे त्यांनी समर्थन केले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी असा अर्थ लावला की, गहू उपटला जाण्याचे भय नसेल तर पाखंडी लोकांना मृत्युदंडाने समूळ नाहीसे करणे त्या आज्ञेविरुद्ध नाही. त्याच शतकात, १२५२ साली, चौथे इनोसंट या पोपने काढलेल्या आज्ञापत्राचे नावच ‘आद एक्स्टिर्पांदा’ असे पडले. ‘उखडून टाकण्यासाठी’ असा त्याचा अर्थ. पाखंडाच्या चौकशीत यातना देण्यास त्या पत्राने मान्यता दिली. ज्या संस्थेची ही चौकशीची रीत होती तिची एक शाखा १५६० साली गोव्यात आली आणि मधला काही काळ वगळता १८१२ पर्यंत तेथे राहिली, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. कागदावर उखडावयाचे होते ते पाखंड, म्हणजे एक मत. पण मताला मुळे असतात ती मनात. तेथे हात पोहोचत नाही. हात पोहोचतो तो मत बाळगणाऱ्या माणसाच्या शरीरापर्यंत. म्हणून क्रियापदाचे कर्म गुपचूप बदलले. मत राहिले बाजूला आणि माणूस उपटला गेला.

इंग्लंडातही हेच घडले. ११ डिसेंबर १६४० रोजी लंडनच्या सुमारे १५,००० नागरिकांच्या सह्यांचा एक अर्ज पार्लमेंटपुढे आला. बिशपांची सत्ता मुळाफांद्यांसकट नाहीशी करावी अशी त्यात मागणी होती. इतिहासात तो ‘रूट अँड ब्रँच’ अर्ज म्हणूनच ओळखला जातो. १६४३ च्या करारपत्रात, ज्याला ‘सॉलेम लीग अँड कॉव्हेनंट’ म्हणतात, पोपपंथ, बिशपशाही, पाखंड इत्यादींच्या ‘एक्स्टर्पेशन’ची शपथ घेतली गेली. १६४६ साली बिशपांचे पद रद्द झाले. पण १६६० मध्ये राजा परतला आणि बिशपही परतले. फांद्या तोडल्या गेल्या होत्या. मूळ तसेच होते. याच धामधुमीत, १६४४ साली, रॉजर विल्यम्स यांनी धर्मच्छळाविरुद्ध लिहिलेल्या आपल्या ग्रंथात गहू आणि निदणाचा तो दृष्टान्त पुन्हा त्याच्या सरळ अर्थाने वाचला आणि मताच्या कारणासाठी माणसाला हात लावू नये असे प्रतिपादिले. त्या काळी हा आवाज एकाकी होता.

शेतीची भाषा माणसांवर किती सहज चालते याचे याहून कठोर उदाहरण आयर्लंडचे आहे. १६०९ पासून अल्स्टर प्रांतात इंग्रज आणि स्कॉट वसाहतवाल्यांना जमिनी देण्याची जी योजना झाली तिला ‘प्लँटेशन’, म्हणजे लागवड, म्हणत. क्रॉमवेलच्या विजयानंतर १६५२ चा कायदा झाला आणि कॅथलिक जमीनमालकांनी १ मे १६५४ पर्यंत शॅनन नदीपलीकडे कॉनाक्ट आणि क्लेअर भागात निघून जावे असा हुकूम निघाला. त्याला नाव होते ‘ट्रान्सप्लँटेशन’, म्हणजे रोप एका वाफ्यातून दुसऱ्यात लावणे. रोपाला कोणी विचारीत नसते. या लोकांनाही कोणी विचारले नाही.

वाळ्याची गाथा

एवढा इतिहास पाठीशी असलेली इंग्रजी भाषा एकोणिसाव्या शतकात पालि ग्रंथांजवळ आली. फाउसबोल यांनी १८५५ साली कोपनहेगन येथे धम्मपदाची आवृत्ती लॅटिन अनुवादासह छापली. चिल्डर्स यांचा कोश १८७२ ते १८७५ या काळात आला. १८८१ साली मॅक्सम्यूलर यांचा धम्मपदाचा अनुवाद ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेत निघाला आणि त्याच वर्षी ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पालि टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. विसाव्या शतकातील इंग्रजी बौद्ध लेखनात क्लेशांच्या संदर्भात ‘इरॅडिकेट’ हा जवळजवळ पारिभाषिक शब्द होऊन बसला. तथापि मॅक्सम्यूलर यांनी तण्हावग्गातील त्या गाथेत (गा. ३३७) लॅटिन शब्द घेतला नाही; ‘डिग’, म्हणजे खणणे, हे साधे क्रियापद घेतले. त्यांची निवड अचूक होती असे आम्हांस वाटते, कारण मूळ पालि क्रियापद ‘खणति’ हेच आहे. मराठीतील ‘खणणे’ त्याचेच सगोत्र होय.

गाथेचा आशय असा : ज्याला उसीर हवे आहे तो जसा बीरण गवत खणतो, तसे तृष्णेचे मूळ खणा. उसीर म्हणजे आपला वाळा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या, दाराखिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपणाऱ्या माणसास ही उपमा समजावून द्यावी लागत नाही. बीरण हे वरचे गवत आणि उसीर हे खालचे सुगंधी मूळ. गवत कापून काही मिळत नाही. मुळापर्यंत खोल खणावे लागते.

या उपमेचे आणखी एक मर्म विनयपिटकात सापडते. वनस्पती कशा उगवतात याचे पाच प्रकार पाचित्तियातील भूतगाम-शिक्षापदाच्या विवरणात दिले आहेत : मुळापासून उगवणाऱ्या, खोडापासून, पेरापासून, शेंड्यापासून आणि बियांपासून उगवणाऱ्या. पहिल्या, म्हणजे ‘मूलबीज’ प्रकारात हळद, आले, वेखंड यांच्या जोडीला उसीरही मोजले आहे. म्हणजे गाथेत घेतलेली वनस्पती मुळापासून पुन्हा उगवणारी आहे, याची त्या परंपरेला पूर्ण जाणीव होती. वाळ्याचा तुकडा मातीत राहिला तर पुढल्या पावसात तो फुटणार. लगेच पुढच्या गाथेत (गा. ३३८) हेच सांगितले आहे : मूळ शाबूत असेल तर तोडलेले झाड पुन्हा वाढते, तसे तृष्णेचा अनुशय नष्ट झाला नाही तर दुःख पुनःपुन्हा उद्भवते. बिशप तोडून बिशप परत आलेल्या इंग्लंडला ही गाथा ठाऊक नव्हती, एवढेच.

ही क्रिया पुरी झाली म्हणजे काय होते, तेही पालि ग्रंथांनी क्रमाने सांगितले आहे. प्रहीण झालेल्या क्लेशासाठी सुत्तांत आणि विनयात ठरावीक विशेषणे येतात. ‘उच्छिन्नमूल’, ज्याचे मूळ तोडले आहे. ‘तालावत्थुकत’, ताड उपटल्यावर उरणाऱ्या मोकळ्या जागेसारखा केलेला. ‘अनभावंकत’, अभावास नेलेला. आणि ‘आयतिं अनुप्पादधम्म’, पुढे कधीही न उद्भवणारा. ताडाची उपमा सहेतुक आहे. ताडाला वाढीचा एकच कोंब, तो शेंड्याला. तो गेला की झाड पुन्हा फुटत नाही. विनयात पाराजिक दोषासाठीही शेंडा तुटलेल्या ताडाचा दाखला याच कारणाने दिला आहे.

कर्म कोणते?

येथपर्यंत पालि आणि इंग्रजी क्रियापदे समांतर चालतात. फरक पडतो तो कर्माच्या जागी. वर दिलेली विशेषणे ज्यांना लागतात ती नामे पाहावीत : राग, द्वेष, मोह, तृष्णा, अस्मिमान, आस्रव. माणसाचे, कुळाचे, पंथाचे नाव त्या जागी येत नाही.

हा योगायोग नव्हे, याची साक्ष वेरंजा येथील प्रसंग देतो. विनयपिटकाच्या आरंभीच तो आला आहे. एक ब्राह्मण भगवंतांवर एकामागून एक आरोप करतो; त्यांतील एक असा की, श्रमण गौतम उच्छेदवादी आहे. उच्छेद म्हणजे तोडून नष्ट करणे. भगवान तो शब्द नाकारीत नाहीत. एका अर्थाने मला तसे म्हणता येईल, असे ते उत्तर देतात. कारण मी राग, द्वेष आणि मोह यांचा उच्छेद शिकवितो, मात्र तुला अभिप्रेत असलेल्या अर्थाने नव्हे. क्रियापद तेच ठेवले आणि कर्म निश्चित केले. शब्दाच्या इतिहासात याहून स्पष्ट असा हस्तक्षेप आम्हांस दुसरा आठवत नाही.

माणूस कर्माच्या जागी पालित कधीच येत नाही काय? येतो, आणि कोठे येतो हे पाहण्यासारखे आहे. धम्मपदाच्या मलवग्गात (गा. २४६–२४७) हिंसा, असत्य, चोरी, परस्त्रीगमन आणि मद्यपान यांत गुंतलेला मनुष्य या लोकीच आपले मूळ खणतो, असे म्हटले आहे. क्रियापद तेच ‘खणति’, कर्म तेच ‘मूल’. पण खणणारा आणि खणला जाणारा एकच आहे. दुसऱ्याने येऊन त्याचे मूळ खणावे असे तेथे सुचविलेले नाही. तृष्णेचे मूळ न खणणारा अखेरीस स्वतःचेच मूळ खणतो, अशी या दोन गाथांची संगती आम्ही लावतो.

शिवाय सर्वच मुळे खणण्यासाठी नसतात. लोभ, द्वेष, मोह ही तीन अकुशलमूले. अलोभ, अद्वेष, अमोह ही तीन कुशलमूले. पहिली खणावयाची, दुसरी जोपासावयाची. मूळ दिसले की कुदळ उचलणे हा धम्म नव्हे.

झाडातील देवता

भूतगाम-शिक्षापदाची कथा या संदर्भात मुळातून वाचावी. आळवी येथील भिक्षू बांधकामासाठी झाडे तोडीत होते. एका झाडावर राहणारी देवता एका भिक्षूला म्हणाली, आपले घर बांधण्यासाठी माझे घर मोडू नका. त्याने ऐकले नाही. झाड तोडताना तिच्या मुलाच्या हातावर घाव बसला. याला येथेच ठार करावे, असे देवतेच्या मनात आले. पण तिने स्वतःला आवरले आणि ती भगवंतांकडे गेली. त्यांनी तिच्या संयमाची प्रशंसा केली आणि अमुक ठिकाणी एक रिकामे झाड आहे, तेथे जा, असे सांगितले. लोकांतही या तोडीविषयी नाराजी उठली आणि वनस्पती तोडण्यात पाचित्तिय दोष आहे असा नियम झाला.

तृष्णेचे मूळ खणा म्हणणारे शास्तेच भिक्षूंना झाड तोडू देत नाहीत, हा विरोध वरवरचा आहे. उपमेतील खणणे मनातच राहावे, ते जमिनीवर उतरू नये, याची जणू ही तरतूद होय. आणि ज्याचे घर मोडले त्याला प्रथम दुसरे घर दाखविले जाते, नियम नंतर होतो, हा क्रमही विसरण्याजोगा नाही.

आधुनिक काळातील दोन वाटा

विसाव्या शतकात इंग्रजीतील या कुळाच्या दोन वाटा झाल्या. ‘अपरूट’ हा शब्द अधिकाधिक माणसांसाठी वापरला जाऊ लागला; पण आता तो उपटणाऱ्याच्या तोंडचा न राहता उपटल्या गेलेल्याच्या बाजूने बोलू लागला. ऑस्कर हँडलिन यांचा ‘दि अपरूटेड’ हा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या सामान्य स्थलांतरितांच्या या इतिहासाला १९५२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. फ्रेंच विचारवंत सिमोन वेई यांनी १९४३ साली लिहिलेले, मृत्यूनंतर १९४९ मध्ये छापले गेलेले पुस्तक मुळे धरण्याच्या मानवी गरजेविषयी आहे. आपल्याकडे १९४७ च्या फाळणीने आणि त्यानंतर धरणांखाली गेलेल्या गावांनी हा अर्थ शब्दकोशाशिवाय शिकविला.

‘इरॅडिकेट’ मात्र रोगांकडे वळला आणि तेथे त्याला काटेकोर व्याख्या मिळाली. रोग सर्व जगातून नाहीसा होऊन कायमचा नाहीसा राहणे म्हणजे ‘इरॅडिकेशन’. एखाद्या देशापुरता तो शून्यावर येणे म्हणजे ‘एलिमिनेशन’. या शब्दात ‘लिमेन’, म्हणजे उंबरठा, आहे. उंबरठ्याबाहेर घालविणे आणि मुळासकट काढणे हा भेद वैद्यकाने नेमका पकडला. देवीच्या रोगाची शेवटची नैसर्गिक लागण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात झाली आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे निर्मूलन जाहीर केले. गुरांच्या बुळकांडीचे निर्मूलन २०११ साली जाहीर झाले. या व्याख्येतील ‘कायमचा’ हा अंश ‘आयतिं अनुप्पादधम्म’ या पालि विशेषणाच्या किती निकट आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

हिवतापाची कथा वेगळी झाली. भारतात १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. यश पाहून १९५८ मध्ये त्याचे नाव ‘निर्मूलन’ कार्यक्रम असे करण्यात आले. १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या सुमारे १ लाखापर्यंत उतरली. डासांची कीटकनाशकांना प्रतिकारशक्ती वाढली, देखरेख सैल झाली आणि १९७६ मध्ये ती सुमारे ६४ लाखांवर गेली. १९९९ साली कार्यक्रमाच्या नावातून ‘निर्मूलन’ हा शब्दच काढण्यात आला. शब्दाने दिलेले वचन वस्तुस्थितीने पाळले नव्हते. तेव्हा शब्द मागे घेणे हे प्रामाणिकपणाचेच होते.

आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात हा भेद उपमांनी मांडून ठेवला आहे. विसुद्धिमग्गात प्रहाणाचे प्रकार सांगताना ते म्हणतात की, समाधीच्या बळाने क्लेश दाबून धरणे हे शेवाळावर घागर टाकण्यासारखे आहे. घागर आहे तोवर शेवाळ बाजूला राहते. दिव्याने अंधार जावा तसा त्या त्या ज्ञानाने त्या त्या दोषाचा निरास होतो, हा दुसरा प्रकार. आणि समुच्छेद-प्रहाण हे वीज पडलेल्या झाडासारखे. ते पुन्हा वाढत नाही. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती १९४० पासून आपल्या हाती आहे. नियंत्रण आणि निर्मूलन यांतील भेद समजून घेण्यासाठी मराठी अभ्यासकाला इंग्रजी परिभाषेची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

‘निर्मूलन’ आणि आपण

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात ‘निर्मूलन’ या शब्दाला मोठे स्थान आहे. देवी निर्मूलन, हिवताप निर्मूलन येथपासून १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीपर्यंत तो आढळतो. पण त्याचा सर्वांत गंभीर उपयोग ‘जातिनिर्मूलन’ या समासात झाला.

लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या १९३६ च्या अधिवेशनासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषण लिहिले. मंडळाने अधिवेशनच रद्द केले आणि बाबासाहेबांनी ते भाषण त्याच वर्षी मे महिन्यात स्वखर्चाने छापले. मंडळाच्या नावात ‘तोडणे’ आहे. ग्रंथाच्या इंग्रजी नावात ‘ॲनायलेशन’ आहे; त्यातील लॅटिन ‘निहिल’ म्हणजे काहीही नाही, म्हणून शून्यवत करणे. मराठीत रूढ झालेल्या शब्दात ‘मूळ’ आहे. तोडणे, मुळापासून काढणे आणि अभावास नेणे या तीन पायऱ्या पालि विशेषणांच्या मालिकेत आपण वर पाहिल्याच आहेत. बाबासाहेबांनी शीर्षक योजताना ती मालिका मनात धरली होती, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु ग्रंथाचा युक्तिवाद वाचला म्हणजे कर्म निश्चित करण्याची वेरंजातील ती रीतच आपणांस पुन्हा भेटते.

जात ही विटांची भिंत नव्हे, ती मनातील एक धारणा आहे, असे ते त्यात सांगतात. सहभोजने हा त्यावरचा पुरेसा उपाय नव्हे. आंतरजातीय विवाहाला ते खरा उपाय म्हणतात. पण लोक तो का करीत नाहीत, असा प्रश्नही लगेच उभा करतात. उत्तर असे की, लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर धर्मश्रद्ध आहेत म्हणून. तेव्हा सामना करावयाचा तो जात पाळणाऱ्या माणसांशी नव्हे, जात पाळावयास शिकविणाऱ्या शास्त्रांच्या प्रामाण्याशी. मूळ कोणते आणि फांदी कोणती, खणावयाचे काय आणि हात लावावयाचा नाही कोणाला, याचा इतका स्वच्छ निवाडा करणारे सामाजिक लेखन विरळा.

हा निवाडा आज विसरला जाण्याचे भय आहे, म्हणून हा शब्दांचा खटाटोप. सभांतून, वृत्तपत्रांतून ‘पाळेमुळे खणून काढू’, ‘समूळ नायनाट करू’ अशी भाषा आपण नित्य ऐकतो. क्रियापद जोरात उच्चारले जाते आणि कर्म मोघम ठेवले जाते. मोघम कर्माच्या जागी उद्या कोणतेही नाव भरता येते. एका मताचे, एका वस्तीचे, एका जातीचे. युरोपात हे कसे घडले ते आपण पाहिले. पालि परंपरेने आपणांस जी सवय लावली आहे ती अशी की, ‘खणा’ हा शब्द कानी पडताच ‘कशाचे मूळ?’ असे विचारावे आणि उत्तरात माणसाचे नाव आले तर कुदळ खाली ठेवावी.

आमच्या वर्गातील तो अनुवाद आम्ही नंतर विद्यार्थ्यांसह पुन्हा तपासला. ‘उच्चाटन’ खोडले. ‘निर्मूलन’ही लिहिले नाही, तो शब्द चुकीचा नव्हता, पण संस्था आणि कार्यक्रम यांच्या नावांत वावरून त्यातील मूळ कानाला जाणवेनासे झाले आहे, असे विद्यार्थ्यांचे मत पडले. शेवटी वहीत उतरले ते असे : ज्याला वाळा हवा तो जसा गवत खणतो, तसे तृष्णेचे मूळ खणा. त्यात एकही कठीण शब्द नाही. कोकणात आजोळ असलेल्या एका विद्यार्थिनीने तेव्हा विचारले, “सर, वाळ्याचे एक मूळ मातीत राहिले तरी तो पुन्हा फुटतो ना?” गाथा समजल्याची याहून चांगली खूण आम्हांस मिळाली नसती.